पट्टी बोलायला लागली, पण ऐकून उठणार कोण?

स्मार्ट बँडेज, म्हणजे जखमेवर लावायची सेन्सरवाली पट्टी, हा विषय निघाला की लोक पटकन दोन बाजूंना जाऊन उभे राहतात. एका बाजूचं म्हणणं असं की आता जखम स्वतःच सांगेल तिला काय होतंय ते, पट्टी न उघडता इन्फेक्शन कळेल, पाय कापायची वेळच येणार नाही. दुसरी बाजू म्हणते हे सगळं खूळ आहे, अनुभवी सिस्टरला पट्टी उघडल्या उघडल्या नुसत्या वासावरून कळतं, तिथे चिप कशाला घुसवताय. आणि मग सगळं भांडण एकाच मुद्द्यावर येऊन अडकतं, मशीनला जास्त कळतं की माणसाला. मला विचाराल तर हा वाद भलत्याच ठिकाणी चाललाय. सेन्सरला कळेल हो, आज नाही तर काही वर्षांनी नीट कळेल, मोजमापाचे प्रश्न इंजिनियर लोक उशिरा का होईना सोडवतात. पण कळल्यावर कोणी, किती वेळात, काय करायचं हे ठरलेलं नसेल तर तो सेन्सर म्हणजे घरात कोणी नसताना वाजणारी बेल, मग तिची अचूकता कितीही असो.

आधी सेन्सरवाल्यांच्या बाजूने जे खरं आहे ते मान्य करूया, कारण ते बरंच आहे. साधी जखम ठरलेल्या क्रमाने भरते: रक्त थांबतं, मग सूज येते, मग नवीन मांस धरतं आणि शेवटी ते पक्कं होत जातं. डायबेटीसवाल्याच्या तळपायाची जखम, व्हेरिकोज व्हेन्समुळे घोट्याजवळ झालेला अल्सर, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे बेडसोअर, या जखमा त्या सुजेच्या टप्प्यातच अडकून बसतात. नवीन पेशी येतात आणि जखमेतलीच एन्झाइम्स त्यांना खाऊन टाकतात, असं महिनोन्‌महिने चालतं. हे सगळं मोजता येतं. निरोगी त्वचेचा पीएच साधारण 4 ते 6, म्हणजे आंबटाकडे झुकलेला, आणि जुनाट जखमेचा 7 ते 9 पर्यंत चढलेला सापडतो. तापमान बदलतं, ओलावा बदलतो, स्रावातलं युरिक ॲसिड, लॅक्टेट बदलतं. आणि हे बदल दोन ड्रेसिंगच्या मधल्या दिवसांत होतात, जेव्हा जखमेकडे कोणीच बघत नसतं. पट्टी सारखी उघडून बघायची तर नाजूक नवीन मांस दुखावतं, नाही उघडली तर आत काय शिजतंय कळत नाही. हा पेच खरा आहे.

आणि 'डोळा पुरेसा आहे' म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी की डोळा नेमका याच जखमांमध्ये फसतो. डायबेटीसने नसा बधिर झालेल्या माणसाला दुखत नाही, रक्तपुरवठा कमी असला तर हवी तशी लाली येत नाही, आणि इन्फेक्शन खोलवर हाडापर्यंत गेलं तरी ताप येईलच असं नाही. बेडसोअरची पहिली पायरी ओळखायची ती लालसरपणावरून, आणि गडद रंगाच्या त्वचेवर तो लालसरपणा सहज दिसत नाही, त्यामुळे अशा रुग्णांची जखम अनेकदा फुटल्यावरच लक्षात येते. इथे तापमान किंवा ओलावा मोजणारं यंत्र रंग बघत नाही, हा फायदा छोटा नाही. म्हणजे अनुभवी नजरेचं कौतुक करताना ती नजर कोणाच्या त्वचेवर तयार झाली हेही विचारायला हवं की नको?

तर मी सेन्सरच्या विरोधात नाहीये. पण ही कल्पना आपल्याला वाटते तेवढी नवीही नाही, आणि तिचा पहिला मोठा प्रयोग कसा फसला ते या वादात कोणी काढत नाही याचं मला नवल वाटतं. पॉल ब्रँड नावाचा सर्जन 1946 पासून वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करत होता. कुष्ठरोगात बोटं आपोआप सडून गळतात असा तेव्हा समज होता. ब्रँडच्या लक्षात आलं की तसं नाही, वेदना कळत नसल्यामुळे माणूस त्याच जखमेवर चालत राहतो, गरम भांडं तसंच धरून ठेवतो आणि स्वतःच्याही नकळत स्वतःला झिजवतो. पुढे 1960 च्या दशकात तो अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग हॉस्पिटलात गेला आणि तिथे त्याने इंजिनियरांना घेऊन कृत्रिम वेदनाच बनवायला घेतली. हातमोज्यात, पायमोज्यात दाबाचे सेन्सर, दाब जास्त झाला की कानात आवाज. म्हणजे आज ज्याला वेअरेबल, अंगावर घालायचं यंत्र, म्हणतात तेच, फक्त पन्नासेक वर्षं आधी.

सेन्सर महाग होते, बिघडायचे, हे तर होतंच, पण ब्रँडने नंतर जे लिहून ठेवलंय ते त्याहून महत्त्वाचं आहे. आवाज वाजायचा आणि लोक दुर्लक्ष करायचे. मग आवाजाऐवजी विजेचा झटका लावला, अंगाच्या अशा भागाला जिथे संवेदना शाबूत होती. तर लोक काम करायच्या आधी झटका बंद करायचे, काम उरकायचे आणि परत चालू करायचे. हे लोक मूर्ख होते का? अजिबात नाही, आपलं शरीर का झिजतंय हे त्यांना डॉक्टरांइतकंच माहीत होतं. पण खऱ्या वेदनेला बटण नसतं. ती नुसती माहिती देत नाही, ती माणसाला थांबवते, लंगडायला लावते. सेन्सरने फक्त बातमी पोचवली, आणि बातमी कळूनही आपण काय काय करत नाही याची यादी प्रत्येकाकडे असतेच.

यावर कोणी म्हणेल की तो काळ वेगळा होता, आता यंत्रं लहान झाली, लोकांना अशा गोष्टी अंगावर वागवायची सवय झाली. बरं, 2003 चा एक अभ्यास घ्या. तळपायाच्या अल्सरवर भार येऊ नये म्हणून काढता-घालता येणारा बूट देतात, तो किती वापरला जातो हे संशोधकांनी मोजलं, एक मोजणी-यंत्र माणसाच्या कमरेला आणि एक बुटात लपवून. निघालं काय, तर दिवसभरातल्या हालचालींपैकी साधारण 28 टक्केच हालचाल बूट घालून झालेली, बाकी सगळी जखमी पायावर तशीच. आणि हे अल्सर असलेले, बूट का घालायचा हे समजावून सांगितलेले लोक. याच क्षेत्रातल्या आधीच्या एका चाचणीत न काढता येणारं प्लास्टर घातलेल्यांपैकी 12 आठवड्यांत जवळपास 90 टक्के जखमा भरल्या, काढता येणाऱ्या बुटात 65 टक्के. प्लास्टरला ना बॅटरी ना ॲप, ते फक्त माणसाला निवड करू देत नाही. (निवड काढून घेणं हे छान वाटत नाही ऐकायला, मलाही नाही वाटत, आणि जिथे इन्फेक्शन आहे किंवा रक्तपुरवठा नाही तिथे प्लास्टर चालतही नाही. पण आकडे आकडे आहेत.)

आता माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारं सगळ्यात चांगलं उदाहरण मीच देतो. 2019 मध्ये लॅन्सेट डिजिटल हेल्थ या वैद्यकीय जर्नलमध्ये इंग्लंडमधल्या एका टीमचा अभ्यास आला. बुटात दाब मोजणारा तळवा, मनगटावर घड्याळ, एकाच जागी बराच वेळ दाब राहिला की घड्याळ सांगणार, भार हलवा. म्हणजे हुबेहूब ब्रँडची कल्पना. आणि इथे ती चालली, ज्यांना इशारे मिळत होते त्यांच्यात नव्या अल्सरचं प्रमाण इशारे न मिळणाऱ्या गटापेक्षा 71 टक्क्यांनी कमी. अभ्यास छोटा होता, 58 लोकांचा, त्यामुळे लगेच नाचायला नको, पण झटकून टाकण्यासारखाही नाही. मग कारव्हिलला जे फसलं ते इथे का जमलं? यंत्र सुधारलं हे एक कारण आहेच. पण मला वाटतं मोठा फरक उत्तरात आहे. कारव्हिलला इशारा म्हणायचा, हातातलं काम सोड. इथे घड्याळ म्हणत होतं, जरा वजन दुसऱ्या पायावर घे, थोडं चाल. उत्तर छोटं होतं, त्या क्षणाला जमण्यासारखं होतं, त्यासाठी डॉक्टरला फोन लावायची गरज नव्हती. कंटिन्युअस ग्लुकोज मॉनिटर, म्हणजे अंगावर लावून साखर सतत मोजणारी यंत्रं, एवढे कामाचे ठरले त्याचं कारणही मला हेच दिसतं, साखर घसरली तर काही खायचं, चढली तर इन्सुलिन, सगळं त्याच माणसाच्या हातात.

जखमेवरच्या सेन्सरचं दुखणं नेमकं इथे आहे. समजा सकाळी फोनवर आलं, पीएच 8.1, तापमान दीड डिग्रीने वर, युरिक ॲसिड बदललं. आता ज्याच्या पायावर ही पट्टी आहे त्याने काय करायचं? स्वतः पट्टी काढायची? अँटिबायोटिक सुरू करायचं? ते तर करूच नये. डॉक्टरकडे जायचं, ठीक, पण डॉक्टरने तरी काय करायचं? पीएच अमुक झाला की तमुक करा असा सर्वमान्य नियमच अजून नाहीये. मोजण्याचं शास्त्र पुढे धावलंय आणि करण्याचं शास्त्र मागे बसलंय, आणि सगळी चर्चा आपण पुढे धावणाऱ्याचीच करतोय.

यावर सेन्सरवाल्यांचं सगळ्यात तगडं उत्तर तयार असतं: माणसाची वाटच कशाला बघायची, पट्टीच उपचार करेल. आणि हे नुसतं स्वप्नरंजन नाही. स्टॅनफर्डच्या झेनान बाओ आणि जेफ्री गर्टनर यांच्या टीमची पट्टी जखमेचं तापमान आणि विद्युत अवरोध मोजून त्यानुसार हलका करंट देते, उंदरांमध्ये जखम साधारण 25 टक्के लवकर भरली. नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीची 2023 ची पट्टी तर मॉलिब्डेनम नावाच्या धातूच्या इलेक्ट्रोडची, काम झालं की तो शरीरातच विरघळतो, डायबेटीसवाल्या उंदरांमध्ये 30 टक्के लवकर. कॅलटेकच्या वेई गाओंच्या टीमने त्याच वर्षी उंदीरवर्गातच सहा गोष्टी मोजणारी, औषध आणि करंट दोन्ही देणारी पट्टी दाखवली. इंजिनियरिंग म्हणून हे काम थक्क करणारं आहे, यात वाद नाही.

पण उंदराची जखम म्हणजे माणसाची जखम नव्हे. उंदराच्या सैल कातडीखाली एक पातळ स्नायू असतो, तो जखम आवळून घेतो, त्यामुळे त्याची जखम बरीचशी मिटून बंद होते. माणसाची जखम तळापासून मांस भरत वर यावी लागते. शिवाय प्रयोगातली जखम ताजी, एकसारखी, मुद्दाम केलेली असते, आणि दवाखान्यात येणारी जखम आठ महिने जुनी, तिच्या मालकाची किडनी अर्धी गेलेली, पायाची रक्तवाहिनी गुडघ्याखाली तुंबलेली. आणि मुख्य मुद्दा हा, की जखम न भरण्याची जी ठळक कारणं आहेत त्यातली बरीचशी पट्टीच्या आवाक्याबाहेर आहेत. तुंबलेली धमनी करंटने उघडत नाही, त्याला अँजिओप्लास्टी नाहीतर बायपास लागतो. मेलेलं मांस, सडलेलं हाड कापून काढावं लागतं. टाचेवरचा भार पट्टी उचलू शकत नाही. घोट्याच्या अल्सरला घट्ट कॉम्प्रेशन, म्हणजे पाय आवळून बांधणं, लागतं, अंथरुणातल्या माणसाला वेळच्या वेळी कूस बदलून देणारे हात लागतात. सेन्सरने रात्री तीनला सांगितलं की कमरेखाली दाब वाढलाय आणि वॉर्डात चाळीस पेशंटमागे एक सिस्टर आहे, तर त्या माहितीचं तिने करायचं काय, फ्रेम करून लावायची?

मोजलं की सुधारतंच असं आपण धरून चालतो, पण वैद्यकाचा इतिहास तसं सांगत नाही. बाळंतपणात बाळाच्या हृदयाचे ठोके सतत नोंदवणारं यंत्र 1970 च्या दशकात भराभर पसरलं, मोठ्या चाचण्या व्हायच्या आधीच, कारण सतत बघणं अधूनमधून ऐकण्यापेक्षा चांगलं असणारच यात कोणाला शंकाच नव्हती. 1985 मध्ये डब्लिनमधली जवळपास 13,000 बाळंतपणांची चाचणी आली. नवजात बाळांना येणारे झटके निम्म्यावर आले, हा खरा फायदा, तो नाकारायचा नाही. पण पुढे त्या मुलांमध्ये सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम होण्याचं, प्रमाण कमी झालं नाही, जे मुख्य आश्वासन होतं. आणि अशा सगळ्या चाचण्या एकत्र केल्या तर सिझेरियन मात्र वाढलेले दिसतात. रेघ हलली की माणसाला काहीतरी करावंसं वाटतं, आणि हाताशी जे असतं ते केलं जातं. जखमेच्या बाबतीत हाताशी काय असतं? अँटिबायोटिक. म्हणजे पीएच हलला की गोळ्या सुरू, असं होणार नाही याची काय गॅरंटी?

याहून जवळचं उदाहरण हार्ट फेल्युअरचं. 2010 मध्ये अमेरिकेत 1,653 रुग्णांवर चाचणी झाली, घरून रोज फोनच्या यंत्रणेवर वजन आणि लक्षणं कळवायची. परत ॲडमिट होणं किंवा मृत्यू, काहीच कमी झालं नाही. काही लोकांनी यंत्रणा एकदाही वापरली नाही, उरलेल्यांचाही उत्साह आटत गेला. 2018 मध्ये जर्मनीतून साधारण तेवढ्याच आकाराची चाचणी आली, तिथे रोजच्या मोजमापांच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टर आणि नर्सेसचं केंद्र चोवीस तास बसवलेलं, आकडा हलला की तिथून फोन जायचा, औषध बदललं जायचं. हॉस्पिटलात वाया गेलेले दिवस कमी झाले, मृत्यूही कमी झाले. दोन्ही चाचण्यांत रुग्ण वेगळे, देश वेगळे, यंत्रं वेगळी, त्यामुळे सगळं श्रेय त्या केंद्रालाच असं कोणी छातीठोक म्हणू नये. पण दोन्हीकडे माहिती गोळा होतच होती, आणि निकाल दोन टोकांचे आले.

अलार्मचंही बघा. बधिर तळपायांचं तापमान मोजून अल्सर आधीच ओळखता येतो हे आता बऱ्यापैकी सिद्ध आहे. 2017 च्या एका अभ्यासात घरी ठेवायच्या मॅटवर रोज काही सेकंद उभं राहायचं, दोन पायांत 2.2 डिग्री सेल्सियसचा फरक सापडला की इशारा. झालेल्या अल्सरपैकी 97 टक्के या पद्धतीने आधी ओळखता आले असते, सरासरी 37 दिवस आधी. काय जबरदस्त आकडा आहे! बातम्यांसाठी हा आकडा फार सोयीचा आहे. पण त्याच उंबरठ्यावर खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण 57 टक्के होतं. उंबरठा 3.2 डिग्री केला तर खोटे इशारे 32 टक्क्यांवर येतात, पण मग पकडलेले अल्सर 70 टक्क्यांवर येतात. कुठे थांबायचं हे सेन्सर सांगू शकत नाही. ते यावर ठरतं की खोट्या इशाऱ्यानंतर काय होतं. 'चार दिवस कमी चाला आणि परत बघा' एवढंच उत्तर असेल तर खोटा इशारा परवडतो, प्रत्येक इशाऱ्याला अर्धा दिवस खर्चून हॉस्पिटल गाठायचं असेल तर तिसऱ्या वेळेला माणूस मॅट पलंगाखाली सरकवून देतो. म्हणजे यंत्राची अचूकता किती हवी हे सुद्धा उत्तर देणाऱ्याच्या सोयीवरून ठरतं.

एक गोष्ट अजून कोणी फारशी बोलत नाही. सेन्सर जखमेवर नजर ठेवतो तसाच तो माणसावरही ठेवतो. किती चालला, कधी पट्टी काढली, इशारा येऊनही उभाच राहिला का, सगळी नोंद. जखम नाही भरली तर ती नोंद कोणाविरुद्ध वापरली जाईल? 'तुम्ही सांगितलेलं ऐकलं नाहीत' हे वाक्य अशा रुग्णांनी आयुष्यभर ऐकलेलं असतं, आता त्याला ग्राफ जोडला जाईल. दिवसभर उभं राहून पोट भरणाऱ्या माणसाला घड्याळाने 'बसा' म्हणणं सोपं आहे. ते इन्शुरन्स कंपनीच्या हातात गेलं की काय होईल याचा विचार पट्टी बाजारात यायच्या आधी व्हायला हवा, नंतर नाही.

मग पैसे कुठे घालायचे? माझं मत, आधी भरून आलेल्या पायांवर. तळपायाचा अल्सर भरल्यानंतर एका वर्षात साधारण 40 टक्के लोकांना परत होतो, म्हणजे खरी लढाई जखम बंद झाल्यावर सुरू होते, आणि तिथे तापमानाचे, दाबाचे साधे सेन्सर आधीच हातात आहेत, त्यांची उत्तरंही सोपी आहेत. उघड्या जखमेतलं सहा-सात रसायनांचं मोजमाप हे आत्ता संशोधनासाठी अमूल्य आहे, गाओंच्याच टीमने 2025 मध्ये 20 रुग्णांच्या जखमेतला ताजा स्राव वेगळा ओढून मोजून दाखवला, असं काम जरूर व्हावं, त्यातूनच कधीतरी तो 'अमुक झालं की तमुक करा'चा नियम निघेल. पण ते संशोधन आहे, उपचार म्हणून विकायला अजून अवकाश आहे.

आणि जेव्हा चाचण्या होतील तेव्हा त्यात तीन गट हवेत. एक नेहमीच्या उपचारांचा, एक सेन्सर आणि उत्तर द्यायला बसवलेली टीम, आणि एक सेन्सरशिवाय नुसती तीच टीम, तेवढाच वेळ, तेवढेच फोन, तेवढ्याच भेटी. मोजायचं ते जखम भरली का, पाय वाचला का हे; सेन्सरचा आकडा बरोबर आला का हे नव्हे. हा तिसरा गट ठेवायचा आग्रह यंत्र बनवणारे स्वतःहून धरतील असं मला वाटत नाही, कारण तो सेन्सरवाल्या गटाशी बरोबरीत सुटण्याची चांगलीच शक्यता आहे. तसं झालं तरी सेन्सर निकालात निघेल असं नाही. टीम जिथे आठवड्याला पोचूच शकत नाही तिथे, किंवा कोणाकडे आधी जायचं हे ठरवायला, त्याचा उपयोग राहीलच. फक्त मग त्याची किंमत त्या कामाप्रमाणे ठरवावी लागेल, आणि टीमचा पगार त्याच बजेटमधून कापता येणार नाही.